भावोजींचे बूट

१२ जून
चि. बारक्या यास, ताईचे अनेक आशीर्वाद.
दोन शहरांनी मैत्रीचा करार केला आणि तुझं नशीब उघडलं. परदेशात बूट शिवायला शिकतोयस, तेही उस्तादांच्याच घरी राहून! तिथे वेळेवर उठतोस, की त्यांनाही माझ्यासारखं पांघरूण ओढावं लागतं?
ह्यांना अजून काम नाही, आणि घरात दोन मुलं खाणारी. डावा पाय आखूड, म्हणून उभ्याने करायच्या कामाला कुणी घेत नाही. दिवसभर भिंतीकडे बघत बसतात, मला भीती वाटते. सोबत त्या पायाचा गिरवलेला आकार आहे. ते झोपेत असताना काढलाय, कुठे बोलू नकोस. उस्तादांना विचार, उंच तळाचा बूट होईल का?
वाट पाहणारी, ताई

२ ऑगस्ट
ती. ताईस शि. सा. न.
उस्तादांनी मलाच झापलं. माणूस दोन पायांवर चालतो, मग माप एकाचंच कशाला, म्हणाले. दुसऱ्याचंही पाठव.
उस्तादांनी ज्या कारखान्यात जन्म काढला, तो बंद होणार अशी कुजबुज आहे. त्यांच्या पत्नी, काकू, मात्र रोज त्यांचा डबा भरतात आणि मला दटावून जेवू घालतात.
भावोजींना नमस्कार. तुझा बारक्या

२० ऑक्टोबर
चि. बारक्या यास आशीर्वाद.
अरे, मैत्री फळली! तिकडची यंत्रं इथे आली, बुटांचा कारखाना सुरू झाला, बंद दुकानं उघडली. त्याच आठवड्यात बूट आले. हे अंगणात सरळ चालले आणि मी पदर तोंडाला लावून रडले. ह्यांना तळ दाबायच्या यंत्रावर घेतलंय. त्याची लाकडी मूठ कुणाच्या तरी हाताने झिजून गुळगुळीत झालीय, ह्यांच्या हातात नेमकी बसते म्हणे. उस्तादांना काय पाठवू, ते कळव.
तुझीच, ताई

१८ नोव्हेंबर
ती. ताईस शि. सा. न.
ती मूठ उस्तादांची. तिथे आलाय तो त्यांचाच कारखाना. आपल्याकडे मजुरी स्वस्त पडते.
बूट शिवताना त्यांना हे ठाऊक होतं. भावोजींना तिथे काम मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मिळेल, म्हणालो. मग टाच अजून भक्कम हवी, दिवसभर उभं राहायचंय, असं म्हणून त्यांनी ती उसवून पुन्हा शिवली.
कारखाना बंद झाल्यावरही ते डबा घेऊन कुलूपबंद फाटकाशी जाऊन उभे राहायचे. पावसात भिजले, छातीत कफ भरला. परवा गेले. काकू विचारतात, बूट बसले का? काय सांगू?
बारक्या

९ डिसेंबर
चि. बारक्या यास आशीर्वाद.
पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सकाळी ह्यांनी बूट फळीवर ठेवले आणि जुन्या चपला घालून लंगडत गेले. दुपारीच परत आले. मुकादम म्हणाला, उभं राहता येत नसेल तर उद्यापासून येऊ नका.
रात्री मी दोन्ही मुलांची ताटं वाढली. हे त्या ताटांकडेच बघत होते.
आज बूट घालून गेले. नाडी मीच बांधून दिली.
काकूंना सांग, बूट अगदी बरोबर बसले. त्यांना माझा नमस्कार सांग. आमच्यावर लोभ ठेवा, असं मात्र कोणत्या तोंडाने लिहू?
ताई