खोडलेलंही दिसतं

८ एप्रिल
नळ आज सहाव्या दिवशी. पाऊण तास. पिंपं दोनच भरली.
सकाळी कदमांचा फोन. पिशोरजवळच्या वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक, त्यांची वेबसाइट मी केलेली. म्हणाले, "लोक येतेत, बघतेत, अन् प्रवेशाचा फारम न भरताच जातेत. कुठं अडतेत ते बघा की जरा." दुपारी साइटवर एक लायब्ररी, म्हणजे तयार कोड, बसवली. आलेला माणूस बोट कुठं फिरवतो, काय टाइप करतो, सगळ्याची फिल्म बनते. फॉर्मच्या खोक्यांतली अक्षरं झाकायची सोय चालू करायची राहिली. उद्या.

१० एप्रिल
पहिली फिल्म बघितली. लई मजा. कुणीतरी आजोबा. 'प्रवेशाचे कारण' या खोक्यात आधी मधोमध 'श्री', मग 'मा. व्यवस्थापक यांस, सविनय विनंती की'. थांबले. मग: 'घरी कुणाचाही दोष नाही. पाणी पुरत नाही.' आणि एकेक अक्षर मागं जात सगळं खोडलं. नाव न लिहिताच गेले.
जेवताना बायकोला, वडलांना रंगवून सांगितलं. स्वाती हसून हसून बेजार. म्हटलं, नाना, तुमच्या तहसील कचेरीतलाच कुणी रिटायर कारकून असणार. नाना हसले नाहीत. "खोडलेलंही दिसतं?" म्हणाले. म्हटलं, सगळं दिसतं.
झाकायची सोय अजून राहिलीच.

१३ एप्रिल
नळ नाही. टँकर उद्या म्हणे. माणशी एक बादली.
नाना अर्ध्याच बादलीत अंघोळ उरकतात. आवाजावरून कळलं. कधीपासून? स्वाती मागं एकदा वैतागून बोलली होती, पूजेआधी नानांना परत दुसरी अंघोळ कशाला म्हणून. तीही दिवसभर पाण्यामागं पळून थकलेली. पण मी तिथंच होतो. बापासाठी एक शब्द काढला नाही.

१५ एप्रिल
परत त्याच फोनवरची फिल्म. (लायब्ररी प्रत्येक फोनला नंबर देते.) आजोबांनी 'श्री' लिहिलं. थांबले. फक्त तेवढंच खोडलं.
का खोडलं? हसलं कोण होतं? आणि ते कुणी ऐकलं होतं?
मग पत्त्याच्या खोक्यात 'गारखेडा', आमचाच भाग. मग आमच्या बिल्डिंगचं नाव. तेही खोडलं.
दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाहेर येऊन बघितलं, नाना खुर्चीत, चष्मा कपाळावर, फोन डोळ्यांशी धरलेला. मला बघून पालथा ठेवला. मी चहा घेणार का विचारलं.
स्वातीला अजून सांगितलेलं नाही.

१६ एप्रिल
माझी बादली नानांना दिली. नळ आला होता म्हणालो. स्वतः ओल्या टॉवेलानं अंग पुसलं. नानांनी एकदा पिंपाकडं बघितलं, एकदा माझ्या कोरड्या केसांकडं.
१७, १८ तसंच.

१९ एप्रिल
११.४० ला मेल. प्रवेश अर्ज. (अर्ज आधी माझ्याकडं येतात, मी कदमांना पुढं पाठवतो.) नाव नानांचं, वय ७४, पत्ता फ्लॅट नंबरासकट. कारण: 'मुलगा स्वतःची बादली मला देतो आणि तसाच राहतो. विचारलं तर नळ आला होता म्हणतो. हे पाहवत नाही.'
चार वेळा वाचलं. मी ज्याला माया समजत होतो, तेच कारण झालं.
दुपारी कदमांचा फोन. "एखादा तरी फारम आला का?" नाही म्हणालो. मेल पुढं पाठवलं नाही. पाठवायचं नाही हेही ठरवता येईना. तिथं विहिरीला पाणी आहे, साइटवर मीच लिहिलंय.

संध्याकाळी नाना दारात येऊन उभे. "तुझ्याकडं काही आलं का रे?"
"नाही," म्हटलं.
"या खेपेला मी काही खोडलं नव्हतं," म्हणाले, आणि समोरच्या खुर्चीत बसले.
अजून बसलेत. मी हे लिहितोय आणि ते बघतायत.