गोगलगायीची जागा

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

वहिनीचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत आणि तुम्हीही बऱ्या असाल, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. माझं अक्षर बघून तुम्ही म्हणाल, हिला आज कुठून आठवण झाली? मध्ये फोन केला होता. तुम्ही "बरी आहे, वॉर्डात ड्युटीवर आहे" म्हणालात आणि ठेवलात. पत्र निदान मधेच तोडता येत नाही.

आधी बातम्या. मागच्या खोलीला रंग दिला. रंग तुमच्या दादांनी निवडला, त्यामुळे तो कसा आहे ते विचारू नका. बाबांचं शिक्क्यांचं दुकान चालू आहे, पण शिक्के आता मशीनच कापतं. हे म्हणतात, "ऑर्डर कॉम्प्युटरवर, शिक्का मशीनमध्ये आणि मी खुर्चीत." बाबा असते तर त्यांनी त्या मशीनलाही एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून काम करायला लावलं असतं. 'रद्द'चा जुना शिक्का मात्र अजून गल्ल्यापाशीच असतो. लहानपणी भांडण झालं की तुम्ही तो यांच्या कपाळावर मारायचात म्हणे. परवा तो हातात घेऊन हे बराच वेळ बसले होते.

आईंचं टेबल खिडकीपाशीच आहे. दुकानात उरलेली रबरं, लाकडी मुठी, कोरायच्या बारीक सुऱ्या, शाईच्या गाद्या, सगळं जिथल्या तिथे. एक हिरवी गादी केव्हाच सुकली आहे, पण ती टाकायची नाही असा हुकूम आहे. आपल्या अंगणातल्या बागेची, ठशांनी उठवलेली कार्डं अजून होतात. फुलवाला नेतो, कोपऱ्यावरची स्टेशनरीवाली नेते. पूर्वी मी जास्त करून कागद कापायची आणि घड्या घालायची, आता ठसे उठवायचं कामही माझ्याकडे आलं आहे. माझा हात तुम्हाला माहीत आहे. मी उठवलेला पहिला गुलाब बघून बाबांनी विचारलं होतं, "सूनबाई, हा कोबी कुठल्या वाफ्यातला?"

माशाच्या पिल्लाला काय पोहायला शिकवायचं, पण मला एक गोष्ट फार उशिरा कळली. जे पुढं दिसायला हवं ते आधी उठवायचं. बाक आधी, मग बाकाच्या आकाराचा कागद कापून त्यावर झाकायचा, आणि त्या कागदावरूनच मागचा वेल उठवायचा. पुन्हा शाई न लावता तोच ठसा आणखी एकदा दाबला, की पानं फिकी येतात आणि बाग लांबवर पसरल्यासारखी वाटते. मी आधी वेल उठवायची आणि मग वर बाक. माझ्या बाकातून पानं उगवायची. आई ते कार्ड उचलून स्वतःच्या पुस्तकात खूण म्हणून घालायच्या. त्यांच्या पुस्तकांत माझ्या चुका पानोपानी सापडतील.

फाटकाखालची ती जागा अजून मोकळीच असते. तुमच्या गोगलगायीची. शाळेत असताना तुम्ही खोडरबरावर ती कोरलीत, पाठीवरचा शंख वाकडा झाला, आणि बाबांनी त्या दिवसापासून तुमचंच नाव गोगल ठेवलं. आई चिडवायच्या, "गोगलगाय आणि पोटात पाय." पण प्रत्येक कार्डावर फाटकाच्या खाली, गवतात, ती असायचीच. कार्ड घेणाऱ्यांची मुलं मजकूर वाचायच्या आधी तिला शोधायची. बाबा गेल्यावर तुम्ही आलात आणि दुसऱ्याच दिवशी परत निघालात, तेव्हा तेवढा एक ठसा पर्समध्ये टाकून नेलात. दुसरं काही नेलं नाहीत.

मी एकदा माझ्या परीनं तशीच एक गोगलगाय कोरून आईंपुढे ठेवली होती. वाटलं, बाई खूश होतील. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि माझ्या हातात परत दिली. "छान आहे. पण तिथे कोणीतरी यायचं आहे," म्हणाल्या. लोक विचारतात, इथे छापायचं राहिलं का? मी म्हणते, हो, राहिलं.

आता आईंची तब्येत. तब्येत तशी चांगली आहे. भूक लागते, झोप लागते, गुडघे कुरकुरतात पण चालतं.

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. जुनी बाग झिजली म्हणून आईंनी एका मोठ्या रबरावर अख्खी नवी बाग कोरायला घेतली. हात कुठे अडला नाही. पान झालं की पुढचं पान, फाटकाची एकेक फळी. मी शाई लावून पहिला ठसा उठवला, आणि बघते तो फाटक डावीकडे. लिंबाचं झाड उजवीकडे. नळ, बाक, सगळ्यांनी जागा बदललेल्या. जिनं जन्मभर बाबांच्या शेजारी बसून अक्षरं उलटी कोरली, त्या बाईनं बाग सुलटी कोरली होती. मला हसू आलं. म्हटलं, "आई, बाग फिरली की हो."

त्या हसल्या नाहीत. कार्डाकडे बघितलं, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि म्हणाल्या, "आपलं फाटक कोणी हलवलं?"

मी गाद्या बंद करेपर्यंत त्या बाहेर गेल्या होत्या. शोधलं तर डावीकडच्या भिंतीपाशी उभ्या, आणि हातानं भिंत चाचपताहेत. कडी शोधत होत्या. बोटं शाईनं हिरवी झालेली, त्याचे डाग भिंतीवर उमटले आहेत. मी पुसायला गेले तर हे म्हणाले, राहू दे.

डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगितलं, त्याचा अर्थ तुम्हाला माझ्याहून जास्त कळेल. तुमच्या वॉर्डात असे पेशंट येत असतील. जे गेलं ते परत येणार नाही आणि जाणं थांबणार नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुमच्या दादांनी बाहेर येऊन मला विचारलं, "म्हणजे आई बरी होईल ना?" माणूस इतका शहाणा, पण ऐकायचं नसलं की कान बंद.

एक मात्र सांगते. त्या उलट्या बागेतही जागा सोडलेली होती. फाटक डावीकडे गेलं, तर त्याच्याखालची जागाही डावीकडे गेली.

आतून हाक आली. बाकीचं उद्या.

सोमवार

वन्सं, काल हाक आली म्हणून उठले हे खरं. कोणाला आली ते मात्र लिहिलं नाही. आईंनी "गोगल" अशी हाक मारली होती. आणि ओ मी दिली.

टेबलावरची युक्ती मी पत्रात वापरली बघा. मुख्य ते झाकून ठेवलं आणि भोवताली बाग उठवत बसले. आता कागद काढते.

आईंना वाटतं, मी म्हणजे तुम्ही. दिवसभर नाही, पण उन्हं उतरली की वाटायला लागतं. सुरुवातीला मी सांगायची, "आई, मी सून." मग त्या घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. "मग गोगल कुठे आहे? अजून आली नाही?" दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. ती तगमग बघवेना, म्हणून मी सांगणं सोडलं. हाक आली की ओ देते. तुम्हाला न विचारता तुमचं नाव वापरते आहे.

एवढंच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं.

मागच्या महिन्यात आम्ही टेबलाशी बसलो होतो. मी गवत उठवत होते. आईंनी माझं मनगट धरलं.

"गोगल, अजून रागात आहेस?"

मी म्हटलं, "कशाचा राग, आई?"

"तू फोनवर विचारलंस, निघू का? मीच म्हटलं, नको. बाबा आता बरे आहेत, उगाच रजा घालवू नको. म्हटलं ना मी?"

मला तर हे काहीच माहीत नव्हतं.

"आणि तू आलीस तर भरल्या घरात तुला बोलले. लोकांच्या बापांना पाणी पाजायला वेळ होता हिला, स्वतःच्या बापाला नाही. तू म्हणाली का नाहीस गं, आई, तूच नको म्हणालीस म्हणून?"

वन्सं, आई तसं बोलल्या तेव्हा मी त्या खोलीत होते. हातात चहाचा ट्रे होता. तुम्ही खाली बघून उभ्या राहिलात आणि आम्हा सगळ्यांना वाटलं, चूक आहे म्हणून गप्प आहेत. तुमचे दादा तर इतकी वर्षं तेच धरून बसले. तुम्ही एक वाक्य बोलल्या असतात तर सुटल्या असतात, पण मग नवरा गेलेल्या दिवशी आईंच्या पदरात ते पडलं असतं. म्हणून तुम्ही ते गिळलंत. पोटात पाय म्हणून आम्ही चिडवायचो. पोटात काय होतं, ते आत्ता कळलं.

मग आई म्हणाल्या, "चुकलं माझं. माफ कर मला."

आणि मी म्हटलं, "केलं, आई."

तो शब्द माझा नव्हता. तो तुमच्याकडे होता, द्यायचा की नाही हे तुमच्या मनावर होतं, आणि मी तो परस्पर देऊन मोकळी झाले. पण त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात. त्या जेवल्या, शांत झोपल्या. मला वाटलं, चला, एक गाठ सुटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मनगट धरलं. "गोगल, अजून रागात आहेस?"

माफी मिळाल्याचं त्या विसरल्या. चूक विसरल्या नाहीत. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या मागतात आणि रोज मी देते. माझ्या हातची आहे, म्हणून टिकत नसेल. काही संध्याकाळी वाटतं, अगदी मनापासून बोलले. काही संध्याकाळी स्वयंपाक राहिलेला असतो आणि मी "हो हो, केलं" म्हणून उठते. मग रात्री तेच टोचत राहतं. कोणाची तरी आयुष्यभराची गोष्ट, आणि मी ती पोळ्या करता करता उरकते.

तुमच्या दादांना सांगितलं. ऐकून ते उठले. मागच्या खोलीत गेले, ठशांचा खण काढला आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक ठसा घासायला बसले. पानाच्या शिरांतली वाळलेली शाईसुद्धा काढली. शेवटी म्हणाले, "तूच लिही. मला तिला लिहायला तोंड नाही." मी म्हटलं, पत्र हातानं लिहितात. तरी नाहीच लिहिलं. पण बाहेर जाऊन तपकिरी शाईची नवी गादी घेऊन आले. गोगलगाय तपकिरीच असायची, हे त्यांच्या लक्षात आहे.

वन्सं, या.

मी खोटं सांगणार नाही. तुम्ही आलात तर आई ओळखतील, असं नाही. कदाचित तुम्हालाच सून समजतील. मग दूध उतू गेलं की माझ्या वाटची बोलणी तुम्हाला बसतील. मी पुष्कळ खाल्ली, चार दिवस तुम्ही खा. तुम्ही दिलेला शब्द तरी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेल का, तेही मला सांगता येत नाही. पण एक संध्याकाळ तरी तो ज्याचा त्यानं द्यावा.

आणि द्यायचा नसेल, तर तेही तुमचंच आहे. तुम्हाला फार लागलं होतं, हे आता मला कळतं. तसं असलं तर दोन ओळी टाका. मग मी "केलं" म्हणणार नाही. नुसता हात धरून बसेन.

सोबत कार्ड पाठवते आहे. आज सकाळी आईंनी स्वतः उठवलं, जुन्या झिजलेल्या ठशांनी, म्हणून फाटक जिथे आहे तिथेच आलं आहे. बाक मी झाकून दिला, बाकी सगळं त्यांचं. हात थोडा हलला, लिंबाला सावली पडल्यासारखं दिसतं. फाटकाखाली नीट बघा. गवत उठवताना त्या तिथपर्यंत आल्या, थांबल्या, आणि पलीकडून पुन्हा सुरू झाल्या. मी विचारलं, "इथे काय, आई?" त्यांना सांगता आलं नाही. पण तिथे शाई लागू दिली नाही.

ठसा पोस्टानं पाठवू नका. घेऊन या.

तुम्ही येईपर्यंत तुमच्या हाकेला ओ देणारी,
तुमची वहिनी