दोनशे अकरावे पान

ता. ३ मार्च, सोमवार

आज दाढेने शर्ट धुतला! वरची, डाव्या बाजूची, पहिली. सूनबाईच्या दंतवैद्यक महाविद्यालयात मेणाचे दात कोरून घेतात. मेण परवडत नाही, म्हणून घरी ती कपड्यांच्या साबणावर हात बसवते. कोरून, तपासून झालेली दाढ माझ्याकडे येते.

चिरंजीव म्हणाला, "बाबा, उद्या बनियनला सुळा वापरा. मळ चावून काढील."

हसलो. हसताना जिभेची डावी कड दाताला लागली.

हे तिचे शेवटचे वर्ष. तोंडी परीक्षा ९ एप्रिलला. तोवर घरात एकच दिवा, तोही एकाच खोलीत. चहाची पूड दोनदा उकळायची. चिरंजीव बेकरीची गाडी चालवतो. न खपलेला पाव घरी येतो, तेच दोन्ही वेळचे जेवण. तक्रार नाही. नोंद केली, इतकेच.

ता. ६ मार्च, गुरुवार

सूनबाईचा पांढरा कोट एकच. तो रोज धुवावा लागतो. वाळला की मी त्याची शिस्तीत घडी घालतो, दोन फळ्यांमध्ये ठेवतो आणि पुस्तके दाबण्याच्या माझ्या जुन्या शिकंज्यात आवळतो. सकाळी कडक! वीज नको, इस्त्री नको. "तुमच्या इस्त्रीला अख्ख्या कॉलेजात तोड नाही," असे ती आज म्हणाली. मी "हं" म्हटले. कौतुकाने माणूस सैल पडतो.

मी छापखान्यात एक्केचाळीस वर्षे पुस्तकबांधणी केली. शिक्षण चौथी पास. परंतु माझ्या हातून एकही पान सुटले नाही, वा उलटे बसले नाही. हे मी गर्वाने लिहीत आहे, आणि लिहिणारच.

तोंडाच्या विकारांवरचा मोठा ग्रंथ विकत घेणे आवाक्याबाहेरचे. ग्रंथालयातून तो एका वेळी सातच दिवस मिळतो. म्हणून दिवसा खिडकीपाशी बसून मी तो तिच्यासाठी उतरवून काढतो. हा सहावा आठवडा. पानाला पान, ओळीला ओळ. अर्धे कळत नाही. अक्षर मात्र वळणदार.

ता. ९ मार्च, रविवार

सूनबाईने सरावासाठी घरातच दवाखाना मांडला. हातात छोटा आरसा. प्रथम चिरंजीव. मग माझा छापखान्यातला जुना सोबती, कंपोझिटर; रविवारी तो चहाला येतोच. तो म्हणाला, "पोरी, माझ्या तोंडात काय बघतेस? ओसाड गाव आहे ते!"

"काका, ओसाड गावात दोन खांब अजून उभे आहेत की!"

मग माझ्याकडे वळली. "बाबा, आता तुम्ही. आ करा."

"सुनेने सासऱ्याच्या तोंडात डोकावणे मला प्रशस्त वाटत नाही."

कंपोझिटर खोखो हसला. "अहो पुठ्ठेवाले, पुस्तक न उघडताच विकायचं म्हणता का?"

मी तोंड मिटून बसलो. तिने आरसा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला. स्वयंपाकघरातून तिचा हलका आवाज आला, "त्यांना माझ्या हाताचा भरवसा नाही अजून."

नसू दे. तसे वाटलेले बरे.

ता. १४ मार्च, शुक्रवार

आज पान २११ उतरवले. तीन आठवड्यांत भरून न येणारी जखम. बहुधा जिभेच्या कडेला. काठ कठीण. आरंभी वेदना नसते, पुढे त्याच बाजूचा कान दुखू लागतो. रुग्ण कडक पदार्थ टाळतो, भिजवून खातो, आणि पुष्कळदा घरच्यांपासून लपवतो.

बोटांवर मोजले. जानेवारीचा पहिला आठवडा. म्हणजे दहा आठवडे होत आले.

लेखणी खाली ठेवली. पुन्हा उचलली आणि पान पुरे केले, शेवटच्या पूर्णविरामासह.

छापखान्यात वीस वर्षे तंबाखू चघळली. ही, चिरंजीवाची आई, रागावली तेव्हा सोडली. उशीर झाला असावा.

सूनबाईला कळता कामा नये. अडीच वर्षांपूर्वी ही अंथरुणाला खिळली, तेव्हा सूनबाईने शिक्षण सोडले. आठ महिने! ही रोज म्हणायची, "पोरी, जा गं तुझ्या कॉलेजात. मी काही पळून जात नाही." ती गेली नाही. हीच गेली. महाविद्यालयाने सूनबाईला परत घेतले ते एका अटीवर: पुन्हा खंड पडला तर नाव कायमचे कमी. आणि तिला आज कळले, तर ती उद्याच घरी बसेल. मी तिला ओळखतो. एकाच घरातल्या दोन म्हाताऱ्यांनी एका मुलीचे शिक्षण दोनदा मोडायचे? शक्य नाही.

सव्वीस दिवस. नंतर मीच सांगेन.

ता. १७ मार्च, सोमवार

उरलेली पाने उतरवून झाली; तिची प्रत आज बांधली. शिवण पक्की, पुठ्ठा जुन्या दिनदर्शिकेचा. एक पान आत घातले नाही. पुढे २११, मागे २१२. ते या वहीत ठेवले आहे.

ते वाचले असते तर तिने ताटावरून मान वर केली असती आणि माझ्याकडे पाहिले असते. बस्स, तेवढे पुरे होते.

आकडे मात्र बदलले नाहीत. २१० नंतर २१३. पान काढले; खोटा आकडा घालणे माझ्याने झाले नाही.

तिने पुस्तक छातीशी धरले. "बाबा, दुकानातलं सुद्धा इतकं देखणं नसतं!"

जेवण गेले नाही.

ता. २१ मार्च, शुक्रवार

कान. डावाच.

ता. २८ मार्च, शुक्रवार

पाव पाण्यात बुडवताना सूनबाईने पाहिले. "तुम्ही तर माझ्या ताटातल्या कडक कडा उचलून खायचात!"

म्हणालो, "शिळ्या पावाला आंघोळ घातल्याशिवाय मी पंक्तीला घेत नाही."

चिरंजीव हसला. तीही हसली, पण उशिरा.

ता. २ एप्रिल, बुधवार

हिला जाऊन आज दोन वर्षे. सूनबाई घरी थांबायचे म्हणत होती. दटावून पाठवले. दार लावून घेतले आणि हिच्या तसबिरीपुढे तोंड उघडले. कोणीतरी पाहायला हवे होते.

ता. ८ एप्रिल, मंगळवार

सूनबाई सकाळी म्हणाली, "तुमची प्रत पाठ झालीय. शेवटचं म्हणून एकदा मूळ ग्रंथाशी ताडून येते." दिवसभर ग्रंथालयात होती. मी दिवसभर खिडकीत. संध्याकाळी आली, कोट माझ्या हाती दिला, म्हणाली, "कडक दाबा हं, उद्याचा मान आहे." पानाबद्दल अक्षर नाही.

तिच्या लक्षात आले नसावे. देव पावला म्हणावे की मेल्याहून मेल्यासारखे झाले म्हणावे?

ता. ९ एप्रिल, बुधवार

तीनला यायची ती अकराला आली. कोट अंगावर तसाच. पायरीवर बसली.

"काय झालं?"

"मधूनच उठून आले."

"काय विचारलं?"

"जिभेची जखम. लक्षणं सांगा म्हणाले."

एवढ्या मोठ्या ग्रंथातून नेमके तेच! आत गेलो, या वहीतून ते पान काढले, तिच्यापुढे धरले. म्हणालो, "हे मी काढून ठेवले होते. चुकून नव्हे. तुझे वर्ष मी बुडवले."

तिने पान घेतले. वाचले नाही. कितीतरी वेळ माझे अक्षर पाहत राहिली. मग उठून मागच्या अंगणात गेली.

चिरंजीवाला काय सांगू? शिळ्या पावाचे आणखी किती महिने मी या दोघांच्या पानात वाढले!

ता. १० एप्रिल, गुरुवार

सूनबाई सकाळी समोर येऊन बसली. "ते पान मी परवाच ग्रंथालयात वाचलं होतं, बाबा. तुमच्या हातून पान सुटेल हे काही पटेना, पण का ते कळेना. काल मला सगळं येत होतं. काठ सांगितले, कान सांगितला. 'रुग्ण भिजवून खातो' असं मी म्हणाले, आणि तुम्ही दिसलात. पुढे बोलताच येईना."

तिने उठून दिवा लावला. भर दिवसा!

आरसा पुसला.

"आ करा."

मी तोंड उघडले.