सत्तरीची बाटली

इन्व्हर्नेस, ४ ऑगस्ट २०२३

ती. सरोजिनीताईस, धाकट्या दत्तूचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि मोबाईल तू उघडत नाहीस, म्हणून हा कागद. नोव्हेंबरात माझ्या सत्तरीला कसब्यात येतोय. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या कपाटात ठेवलेली व्हिस्की त्या दिवशी फोडायची. ती ज्या पिंपातली, ते भरलं तेव्हा मी इथल्या डिस्टिलरीत बॉयलर सांभाळत होतो. चार वर्षांत ती बंद पडली, पिंपातली दारू मात्र तीस वर्षं मुरली. माझ्या तिथल्या दिवसांची तेवढीच खूण उरली आहे. बाटली उभीच आहे ना? आडवी केलीस तर बूच कुजेल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दत्तू

पुणे, २१ ऑगस्ट

चि. दत्तूस अ. आ.

पत्र पावलं. सूनबाईंनी, म्हणजे शेफालीने, तुझ्यासाठी खोली रंगवली. गुरुवारी उतरू नकोस, पाणी बंद असतं, पारोसा बसशील. स्वेटर विणायला घेतलाय, निळा चालेल ना? आणि या वयात पिणं बरं का, तेही डॉक्टरांना विचार.

आहे तसाच जीव लावत राहा.

ताई

इन्व्हर्नेस, १० सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गुरुवारचं पाणी कळलं, बाटलीचं कळलं नाही. काही लपवायचं असलं की तू लहानपणापासून विणकाम काढतेस. फुटली का? कुणाला दिलीस का? या वयात शोभत नाही, पण जिवाला चैन पडत नाही. स्पष्ट लिही.

दत्तू

पुणे, २७ सप्टेंबर

चि. दत्तूस अ. आ.

बाटली रिकामी आहे. एकवीसच्या एप्रिलात तुझ्या भावजींना कोरोना झाला, कुठेच खाट मिळेना. दुपारी त्यांचे पाय गार पडले. आई अशा वेळी ब्रँडी चोळायची. घरात ब्रँडी नव्हती, दुकानं बंद. तुझी बाटली काढली, सुंठ कालवली आणि संपेपर्यंत तळपाय चोळत बसले. संध्याकाळी ते गेले.

दोन वर्षं सांगायची हिंमत झाली नाही. परवा तर तीत कोरा चहा भरून ठेवावा असं मनात आलं, मग माझीच मला लाज वाटली. रागाव हवा तितका, पण ये.

ताई

इन्व्हर्नेस, ११ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

खोटं कशाला लिहू, आधी राग आला. तासभर पावसात हिंडलो. असल्या व्हिस्कीत सुंठ कालवलीस हे इथे कुणाला सांगायचीही सोय नाही! मग आठवलं, तेव्हा विमानं बंद होती आणि मला भावजींचं तोंडही बघता आलं नाही. रडू आलं, ताई.

एवढंच कळव. पाय गरम झाले होते का?

दत्तू

पुणे, २४ ऑक्टोबर

चि. दत्तूस अ. आ.

झाले. घटकाभर चांगले ऊबदार झाले. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस, पण तो वास त्यांनी ओळखला. डोळे न उघडताच विचारलं, दत्तू आलाय का.

मी हो म्हटलं.

तुझी ताई