कुंपणालगतचा चौथा चर

८ एप्रिल, सोमवार
आजपासून नवी साइट! वॉशिंग्टन राज्यातल्या एका खेड्यातली दफनभूमी भरलीय, म्हणून कुंपणापलीकडचं कुरण घेणार. त्याआधी आम्ही पुरातत्त्ववाल्यांनी चर खणून बघायचं, खाली काही जुनं आहे का.
गावाचं नाव सांगितलं तर आई फोनवर म्हणाली, "सुनेत्रा, दुसऱ्या कुणाला पाठव ना. रिक्वेस्ट कर." का, तर "उगाच." माझ्या जन्माआधी आईबाबा दोन वर्षं याच गावात होते, बाबा इथल्या पेपर मिलमध्ये. त्या दोन वर्षांबद्दल आई कधीच बोलत नाही.

९ एप्रिल
तीन चर. मुळं, दगड, एक गंजका नाल. घाबरण्यासारखं काही नाही.

१० एप्रिल, बुधवार
बरंय मी डायरी मराठीत लिहिते, इथे कुणाला वाचता येणार नाही.
चौथा चर कुंपणाला लागून. थापीने खरवडताना गडद मातीचा चौकोन उमटला — जेमतेम दोन फूट लांब! थडगं असू शकतं, म्हणून नियमाप्रमाणे तिथेच थांबलो. शेजारी उंदराचं बीळ. त्याने वर काढलेली माती मी चाळली. चाळणीत वाळा! चांदीचा, काळ्या मण्यांचा, बाळाच्या पायात घालतात तो. इथे, वॉशिंग्टनच्या कुरणात!
आणि मी तो खिशात टाकला. आठ वर्षांत साधा खिळा उचलला नाही मी! आमचा क्रू चीफ ग्लेन विचारत होता, काही सापडलं? "नथिंग," म्हटलं. नोकरी गेलीच समज.
मातीत प्लास्टिकची दोरी आहे, म्हणजे खड्डा फार जुना नाही, असं ग्लेनचं म्हणणं. शेरिफला, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाला, कळवलंय. शुक्रवारी उघडणार.

११ एप्रिल
आईकडे मी सहा महिन्यांची असतानाचा फोटो आहे. एकाच पायात वाळा. काळे मणी. दुसरा हरवला म्हणे.
आपल्यात इतक्या लहानग्यांना अग्नी देत नाहीत, पुरतात. ठाऊक आहे मला. पण कुंपणाबाहेर? ना दगड, ना नाव? काय केलं होतं आईबाबांनी? बाबा आता नाहीत. शेरिफ आईलाच धरणार.
भीती वाटतेय. शेरिफपेक्षा आईच्या उत्तराची जास्त. तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. भित्री कुठली!

१२ एप्रिल, सकाळ
वाळा ग्लेनच्या हातात ठेवला, खरं सांगितलं. तो म्हणाला, आधी आईला फोन कर.
केला.
"हरवला नव्हता गं. तुझ्या ताईच्या पायात राहू दिला होता." इला नाव तिचं. बारसं झालं आणि आठवड्यात हॉस्पिटलातच वारली. कागद सगळे आहेत, जपून ठेवलेत. "तुम्ही इथल्या चर्चचे मेंबर नाही" म्हणून गावाने कुंपणाच्या आत जागा दिली नाही.
मग आईने घाबरत घाबरत विचारलं, "आता कुंपण पुढे सरकवणार ना? मग तिला आत घेतील ना?"