नाक्यावरची मुकी माळ

पौष वद्य ३, शके १८४२

आज बीडच्या बाजारात दवंडी झाली. करोडगिरीचा नवा कायदा! जकातीच्या नाक्यावर आता नुसत्या संशयावरून माल अडवायचा नाही. अडवला तर कारण लिहून द्यायचं. जप्ती करायची तर गावचे दोन पंच समोर हवेत. दंड नाकेवाल्यानं ठरवायचा नाही, वरच्या अंमलदारानं, मोहतमीम साहेबांनी, दोन्हीकडचं ऐकून ठरवायचा. आणि बैल — बैल जप्त करायचेच नाहीत! पोटाचं साधन म्हणे.

बंकट गाडीवान शेजारी उभा होता. म्हणाला, "शेट, म्हंजी आता नाकेवाले आपल्याला रामराम घालणार का वो?"

म्हटलं, "घालतील. पण हात पुढं करूनच घालतील."

लोक हसले. मीही हसलो. पण घरी येताना वाटलं, एका जाहीरनाम्यानं आमचं तरुणपण जुनं झालं.

पौष वद्य ४

जाहीरनाम्याची नक्कल मागवून वाचली. कायदा शहाणा आहे. चालवणारे तेच जुने!

पौष वद्य ७

दिवसभर तो घाटाखालचा नाकाच डोळ्यांपुढं. काय दिवस होते! डोक्यावर सुई-दोऱ्याचं गाठोडं घेऊन मी पालीहून चालत निघायचो. नाक्यापाशी पोचायचो तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची. तिकडं इंग्रजी मुलूख, इकडं आपला. मधे एक बांबू आडवा, आणि त्या बांबूमागं दरोगा — देवच! त्याची मर्जी लागेपर्यंत मुक्काम. चुली पेटायच्या. भाकरी, ठेचा, तंबाखू. कुणाचं लग्न जमतंय, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, सगळ्या बातम्या तिथं फुकट मिळायच्या. माझा धंदा गाठोड्यावर नाही उभा राहिला, त्या गप्पांवर उभा राहिला.

आणि कानांवर. गाडी दिसायच्या आत मी सांगायचो — ही माजलगावची, ही धारूरची. प्रत्येक जोडीची घुंगरमाळ वेगळी बोलते. चाकाचा आस करकरला की माल किती भरलाय तेही कळायचं. व्यापारी मला विचारून भाव ठरवू लागले. तिथून आडत, आडतीवरून आज हे दुकान.

नाक्याची एक वाईट रीत होती. बैलजोडी जप्त केली की बैल लिलावात, आणि त्यांची घुंगरमाळ अंगणातल्या कडूलिंबाला टांगायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला धाक! वारा सुटला की झाड वाजायचं. सगळ्या माळा वाजायच्या, एक सोडून. सटवाची. तिच्यात कापड कोंबलेलं होतं, तसंच ठेवलं त्यांनी — पुरावा म्हणून.

सटवा, एकेकाळचा माझा दोस्त! पालीत त्याच्या दमणीसारखी पळती गाडी दुसरी नव्हती.

माघ शुद्ध २

सकाळीच छबुबाई दारात. सटवाची बायको. सटवा जाऊन तीन वर्षं झाली — तिकडं इंग्रजी मुलखात कालव्याच्या कामावर खडी फोडता फोडता गेला. ही लेकीला घेऊन पालीतच राहिली. एका गावात राहून आमचं बोलणं नव्हतं.

उंबऱ्याबाहेरच बसली. म्हणाली, "भाऊजी, शिवकन्येचं धारूरला जमत आलंतं. आता ते म्हणतेत, नाकाचोराच्या घरची पोरगी नको. दवंडीत सांगितलं न्हवं, लिहून फैसला न झालेल्या जुन्या जप्त्या पुन्हा बघणार म्हणून? माझी दरखास्त घाला. बैल नकोत मला. नाव धुऊन पाहिजे."

 खरं लिहायचं तर राग अजून होता. बारा वर्षांपूर्वी पटकीची साथ आली, माझी पहिली बायको तुळजा गेली. मी नगरला कापूस विकत होतो. परत आलो तेव्हा चिता थंड होऊन आठ दिवस झालेले. ओरडून विचारलं मी, मला न्यायला कावून कुणी आलं नाही? तेव्हा भावकीतलं कुणीतरी म्हणालं — कोण येणार? पळती जोडी एकट्या सटवाची, आणि तो मिठाच्या चोरीत नाक्यावर धरला गेला! माझ्या घरात मरण, आणि दोस्त मिठाच्या मागं! तो आला होता एकदा. दारात खाली मान घालून उभा राहिला. तोंडातून शब्द नाही. तसाच गेला. असला दोस्त!

छबुबाईला म्हटलं, बघतो.

ती गेल्यावर आमची रुक्मिणीबाई आतून म्हणाली, "बघतो म्हंजी न्हाई, असं गिऱ्हाइकाला म्हणायचं असतं. विधवेला न्हाई." दुसरी बायको, पण जीभ पहिल्या धारेची! तुळजा असती तर हेच म्हणाली असती, फक्त हळू.

माघ शुद्ध ३

दरखास्त लिहून घेतली. सटवासाठी नाही, पोरीसाठी.

माघ शुद्ध १३

नाक्यावर. छबुबाईला दमणीत बसवून आणलं. 

बांबू तोच, रंग नवा. कडूलिंब मात्र अर्धा वाळलाय. त्रिंबक कारकून अजून आहे! दात गेले, मस्करी राहिली. मला बघून ओरडला, "या या, रामहरी गाठोडेवाले! आता आम्हाला वाघाचं कातडं ठेवलंय, नखं काढून घेतली सरकारनं. चिलीम ओढता का, तिची तरी जकात न्हाई!"

आम्ही झाडाखाली बसलो. वाऱ्यानं माळा वाजल्या. मी डोळे मिटून नावं घेत गेलो — ही आप्पारावची, ही ढेकणमोहच्या पाटलाची. त्रिंबक म्हणाला, "यातला निम्मा माणूस मेला की हो." मी म्हटलं, आवाज कुठं मेलाय? दोघांचेही डोळे भरले. तो म्हणाला, धूर गेला.

दुपारी मोहतमीम साहेब बसले. तरुण, बारीक आवाजाचे, हैदराबादेकडचे. मराठी तोडून तोडून, पण ऐकणारा माणूस. जुनी नोंद वाचायला लावली. गाडी इकडून तिकडं चाललेली, रिकामी. घुंगरं कापड कोंबून मुकी केलेली. कुठं जातोस विचारलं तर उत्तर नाही. सबब मीठचोरीला निघाला. जोडी जप्त.

मी चमकलो. बारा वर्षं मी समजत होतो, मिठासकट धरला!

साहेबांनी मला विचारलं, "शेटजी, घुंगरं बंद का करतात तुमच्याकडे?"

म्हटलं, "हुजूर, घरात सुतक असलं की बैलाची घुंगरं वाजू देत नाहीत. दरोगा परमुलखातला. त्याला वाटलं चोरी. आमच्या गावच्या पोरालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"अच्छा. मग या सटवाच्या घरी कोण मेलं होतं?"

मी आठवून बघितलं. कुणीच नाही! त्या हंगामात त्याच्या घरात मांजरसुद्धा मेलं नव्हतं.

साहेब छबुबाईकडं वळले. "बाई, तुमचा आदमी कुठे जात होता?"

तिनं पदर ओढला. "न्हाई सांगता यायचं."

"माहीत नाही?"

"माहीत हाय. सांगायचं न्हाई."

त्रिंबकनं कपाळाला हात लावला. मी पाठीमागून कुजबुजलो, "अवो, पोरीचं लग्न मोडंल! सांगा की!" तिनं माझ्याकडं असं बघितलं — रागानं नाही. कीव आल्यासारखं. मला कळेना.

साहेबांनी नोंदीवर बोट ठेवलं. मग त्रिंबकला म्हणाले, "गाडीत काय सापडलं?"

"काय न्हाई, सरकार."

"काही नाही. मग शिक्षा कशाची दिली? गप्प बसल्याची! नव्या कायद्यात गप्प बसणं गुन्हा नाही. तेव्हाच्या त्या माणसालाही तेच लागू, आज या बाईलाही तेच." तिथल्या तिथं फैसला सांगितला. जप्ती गैर. चोरीचा ठपका रद्द. आसपासच्या चारी गावांच्या चावडीवर वाचून दाखवायचा.

छबुबाई जमिनीवर डोकं टेकून रडली.

त्रिंबकनं स्वतः शिडी लावली, माळ काढली. गंजलेली. मी आतलं कापड काढायला बोट घातलं तर तिनं माळ हिसकून घेतली. "राहू द्या भाऊजी. इथं नको."

माघ वद्य ६

पालीच्या चावडीवर फैसला वाचला गेला. बंकट मागून ओरडला, "सटवाबा जिंकला बे!" म्हातारे पागोटी उडवायचे बाकी होते. धारूरकरांचा होकार आला. फाल्गुनातला मुहूर्त.

मीही आनंदलो. पण ते कोडं सुटत नाही. एवढे कान घेऊन जन्माला आलो, आणि शेजारच्या माणसाचं एक गप्प बसणं मला ऐकू आलं नाही?

फाल्गुन शुद्ध ५

छबुबाई माळ घेऊन आली. उद्या नवरीच्या गाडीला बांधायची. "कापड तुमच्याच हातानं काढा," म्हणाली. "नाव धुतलं. तुम्हाला सांगू नको म्हणून घातलेली त्यांची शपथ आता सुटली."

गाडीवानांत अजून एक रीत आहे म्हणे, मला ठाऊक नव्हती. मरणाऱ्याच्या शेवटच्या भेटीसाठी कुणाला आणायला निघालं की घुंगरं मुकी करतात. काळाला चाहूल लागू नये. आणि कुठं चाललो ते वाटेत कुणाला सांगत नाहीत — बोललं की तो आधी पोचतो.

"तुळजाक्का दोन दिस तुमची वाट बघत होती, भाऊजी. हे म्हणले, आता सांगून त्याचा जीव जळंल. अन् नाक्यावर तर त्याचं पोट हाय, तिथं भांडला तर धंदा बुडंल."

कापड बाहेर काढलं. कुजलंय, पण काठ ओळखू येतो. पदर तुळजानं स्वतः फाडून दिला होता म्हणे.

हिरवं लुगडं. नगरहून मीच आणलेलं.