उजवी नळी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
गुरुवार

प्रिय पवित्रा,

लग्नानंतर तुला 'चि. सौ.' शिवाय कधी लिहिलं नाही. आज तो मायना हातून उतरेना. ही चिठ्ठी कोडोलीच्या वडाप जीपवाल्याकडे देतोय. काल फोन केला होता, पण तू "बोला अप्पा" म्हणालीस आणि मी ऊन-पावसाचं विचारून ठेवून दिला. रविवारी क्रांतीच्या लग्नाच्या बैठकीला मी येणार आहेच. बिद्रीच्या पाहुण्यांसमोर आजोबा म्हणून होकार माझ्या तोंडून यावा, अशी तुझी इच्छा. पोरीला वारणेच्या रस्त्याला कुणा मुलाच्या गाडीवर मागं बसलेली बघितली, आता कॉलेज बास, असं तू सोमवारी सांगितलंस. वर म्हणालीस, "तुमी माझ्या बाबतीत जे केलासा, तेच मी बी करणार हाय." तेव्हापासून मला चैन नाही.

हात रिकामे राहिले की माझं डोकं फिरतं. म्हणून पत्र्याखालची जुनी येझदी मोटरसायकल ओढून काढली. सहा वर्षं उभी होती बिचारी. दोन्ही बाजूंच्या धुराच्या नळ्या गंजून तपकिरी झालेल्या. म्हटलं, या काढून घासून रंगवू आणि रविवारी तुझ्याकडे गाडीवरच येऊ. पण नळीला सिलेंडरशी धरून ठेवणारी गोल चाकी अशी जाम बसलेली, की पाना लावला की सटकायचा. डिझेलचा बोळा बांधून ठेवला आणि मग छिन्नी टेकवून हलक्या हातानं ठोकत बसलो. एक ठोका जादा बसला तर सिलेंडरची पाती उडणार, आणि तसा सिलेंडर आता शोधूनही मिळत नाही. तुझी आई दारातून ओरडली, "रविवारी बैठक, आन् तुमी ह्ये काय काढलायसा?" मी ठोकतच राहिलो. डावी सुटली. उजवीला हात लावायला मात्र मन धजेना. का, ते तुला सांगायला नको.

उजवी म्हटलं की मला तुझी पोटरी दिसते. तू पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला होतीस. उजव्या पोटरीला आतल्या अंगानं चार बोटं लांब चटका, आणि तू खोबरेल लावून तो लपवत होतीस. मी उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, सुताएवढा फरक पकडणारा. इथंही मी माझं माप लावलं. आपल्या घरच्या बायका गाडीवर एकीकडे पाय सोडून बसतात. पोटरीला आतून चटका लागायचा तर दोन्हीकडे पाय टाकून बसायला पाहिजे, आणि माझ्या मागं तू तशी कधी बसली नव्हतीस. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मागं बसलीस. तू एकदाच म्हणालीस, "आपल्याच गाडीचा हाय, अप्पा." मी म्हटलं, किल्ली माझ्या कनवटीला असते. मग तू गप्प झालीस, आणि ते गप्प बसणं मी कबुली समजलो. दीड महिन्यात तुला हळद लावली. जावई म्हणून संगमेशराव सोन्यासारखे निघाले, म्हणून आपलं बरोबरच होतं असं मी बावीस वर्षं मिरवलं.

काल उजवी सुटली. फरशीवर उलटी धरून तारेच्या ब्रशनं घासत होतो. शेपटाकडे, जिथं फार तापत नाही तिथं, खालच्या अंगाचा गंज पापुद्र्यासारखा निघाला आणि आत एमसीलचं ठिगळ दिसलं. गाडी उजव्या अंगावर आपटल्याशिवाय तिथं भोक पडत नाही, आणि माझ्या हातून गाडी कधी पडलेली नाही. ठिगळावर बोटं दाबल्याचे ठसे होते. त्यातल्या एकावर आडवी रेघ. मी चष्मा लावून पुन्हा बघितलं. आठ वर्षांची असताना विळीवर कापलेलं तुझं बोट मीच बांधलं होतं, पवित्रा. ती रेघ मी ओळखणार नाही?

तुझी आई चहा घेऊन आली, ठिगळ बघितलं आणि सरळ म्हणाली, "एमसील मीच आणून दिल्तं. तुमी कामावर गेलासा की पोरगी गांधी मैदानात गाडी शिकत हुती, खिळा लावून. पडली, आन् नळी पायावर आली." मी विचारलं, मला सांगायचं नाहीस? तिनं कप आपटला. "सांगिटलं की! तुमी ऐकलासा व्हय?" खरं आहे. सांगितलं होतं. आई लेकीला पाठीशी घालते म्हणून मी उडवून लावलं. येझदी किल्लीऐवजी खिळ्यावरही चालू होते हे सगळ्या पेठेला माहीत. ते माझ्या पोरीलाही माहीत असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

रात्रभर मी स्वतःला समजावत होतो की चूक झाली ती चटका ओळखण्यात. सकाळी कळलं, ही पण पळवाटच. समज, असता एखादा मुलगा. तरी काय? तू कुणाच्या मागं बसली असतीस तरी तुझी पुस्तकं माळ्यावर टाकायचा मला काय अधिकार होता? मी चुकलो. आपल्यात बाप लेकीची माफी मागत नाही. मी मागतो.

नळ्या झाल्या. क्रोमवाल्यानं पत्रा पातळ झालाय म्हणून हात वर केले, तेव्हा पॉलिश पेपर मारून उष्णतेला टिकणारा चंदेरी रंग दिला. इंजिन चालू करून नळ्या तापवल्या की तो पक्का धरतो. ते काम आज उरकलं. ठिगळ तेवढं रंगवलं नाही, तसंच ठेवलं आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. रविवारी माझ्या तोंडून होकार येणार नाही. पाहुण्यांना हात जोडेन आणि चटक्याची ही गोष्ट सगळ्यांसमोर सांगेन. त्यात लाज जाईल ती माझी. तू रागानं मला बाहेर काढशील, तर काढ. पण त्याआधी एकदा क्रांतीला जवळ बसवून विचार, आणि ती जे सांगेल ते खरं धर. गप्प बसली तर त्याचा अर्थ तू लावू नकोस. मी केलं तेच करणार म्हणालीस ना, तेवढं करू नकोस, बाळ. पाकिटात येझदीची किल्ली घातली आहे. ती तुझी. पुढं क्रांतीला द्यायची का, ते तू ठरव. मी नऊच्या आत कोडोलीत पोचतो, खिळा लावून.

तुझाच,
अप्पा